जमिनीखाली पाहणारे साडू

जमिनीवर काय चाललंय याचा पत्ता नसलेला आणि जमिनीखालचं सगळं ठाऊक असलेला माणूस नागपुरात एकच आहे, आणि ते नेमके आमचे साडू आहेत. जमिनीत मुरलेली घाण पाण्याबरोबर कुठे, किती वर्षांत पोचेल याचं गणित मांडणं हा त्यांचा व्यवसाय. नंदनवन वस्तीतल्या घरी संगणकाच्या पडद्यावर एक तांबडा डाग हळूहळू पसरत असतो आणि साडू आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे त्याच्याकडे बघत असतात. चांगली बातमी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलेली नाही. पुतणीसाठी हुडकेश्वरला स्थळ बघायला गेलो, तर बाकीचे पगार विचारत होते आणि हे घरामागे चक्कर मारून आले. "पोरगा चांगला आहे," पोहे खाता खाता सर्वांदेखत म्हणाले, "पण संडासाची टाकी बोअरच्या वरच्या अंगाले आहे." स्थळ मोडता मोडता राहिलं.

त्यांची थोरली बहीण, त्यांची 'बाई', कळमेश्वरच्या पुढे एका खेड्यात दिलेली. आई लवकर गेल्यावर साडूंना तिनेच वाढवलं. गावाबाहेर कुणीतरी रसायनांची पिंपं पुरल्याचं कळलं, तेव्हा साडूंनी गणित करून सांगितलं, "बाई, घाण तुझ्या विहिरीत येईल. पण दहा-बारा वर्षं लागतील. तोवर नळ आणू." आणि नळासाठी ते कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागले.

घाण दुसऱ्याच उन्हाळ्यात आली. पाण्याला वास सुटल्याचा निरोप मिळताच साडू धावले; मीही सोबत होतो. विहिरीवर मोटर धडधडत होती.

"तू म्हटलं ना गा, घाण येऊन राहिली म्हणून," बाई कौतुकाच्या आशेने म्हणाली, "मंग म्या मोटर बंदच नाही केली. जुनं पाणी उपसल्याबिगर नवं कसं येईन?"

साडू मटकन खाली बसले. विहीर उपसली की पाणी स्वच्छ होतं, हे त्या गावात सगळेच मानतात. पण इथे जितका उपसा, तितकी घाण विहिरीकडे ओढली जाते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. गणितात त्यांनी पाऊस, उतार, मातीचे थर सगळं धरलं होतं. बाई आपल्या शब्दाखातर काय करील, तेवढं धरलं नव्हतं.

"काहून बसला गा? चुकलं का माह्यं काही?" बाई घाबरली. "उपसलं म्हणून तं कमी आली ना?"

साडूंनी उठून मोटर बंद केली. "हो बाई," म्हणाले, "तुह्यामुळंच कमी आली. आता मात्र पिऊ नको."

बाईचा चेहरा खुलला. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, आणि ते मान खाली घालून उभे राहिले. मला फार वाईट वाटलं. मी दुसरीकडे बघत राहिलो.