मागाहून आलेलं हसू

इंग्लंडात वॉटफर्डला मी मुलाच्या घरी राहायला आले, तेव्हा दुपारच्या वेळी भिंतीपलीकडे माणसं हसायची. एकदोन नव्हे, लग्नाच्या मांडवात हसावीत तेवढी. हसायची, एकदम गप्प व्हायची, पुन्हा हसायची. मुलगा आणि सून कामावर गेलेली असत. तिथली घरं एकमेकांना चिकटलेली, मध्ये एकच भिंत. त्यामुळे वाटायचं, आपल्याच घरात मागच्या खोलीत कुणी बसलंय.

मी सुनेला विचारलं, "शेजारी फार माणसं राहतात का गं?"

"छे. एकटी म्हातारी आहे."

"मग दुपारी हसतं कोण?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घाबरू नका आई. इथल्या भुतांना मराठी येत नाही. तुम्हाला काही करायची नाहीत."

जेवताना मुलाने खुलासा केला. म्हातारी टीव्हीवर विनोदी मालिका बघत असणार. जुन्या मालिका करताना समोर प्रेक्षक बसवायचे आणि त्यांचं हसणंही त्यातच भरून घ्यायचे.

"म्हणजे ती खरी माणसं?"

"खरीच की. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची."

"त्यातली बरीचशी आता नसतील."

"नसतील. आमटी वाढ."

त्याला वाटलं, माझं समाधान झालं. पण मला त्यापेक्षा भूत परवडलं असतं. मेलेली माणसं रोज दुपारी त्याच जागी, त्याच गोष्टीला हसतात, हे मनातून जाईना. भांडी विसळताना हसू आलं की मी नळ बंद करायची.

त्या बाईची ओळख कपडे वाळत घालताना झाली. मागच्या अंगणात मध्ये कमरेइतकं लाकडी कुंपण होतं. तिचे केस पांढरेशुभ्र, पाठ थोडी वाकलेली, आणि पुढच्या दोन दातांत फट. त्या फटीतून तिचा 'स' बारीक शिट्टीसारखा निघायचा. ती मला 'लव्ह' म्हणाली. मला इतकी लाज वाटली की अर्धे कपडे बादलीत ठेवून मी आत आले. सून संध्याकाळी खूप हसली. म्हणाली, "अहो, इथे बसचा ड्रायव्हरही म्हणतो."

पुढे एका शनिवारी त्या बाईने सुनेला कुंपणापाशी थांबवलं. तुझ्या सासूबाईंना माझ्याकडे पाठव, म्हणाली, भाषा शिकायची तर विनोदी मालिका बघायच्या. बाहेरून आलेल्या माणसाला दुसरं काही उपयोगी पडत नाही. आणि त्यांचा क्रमही सांगितला. ज्यात माणसं पडतात त्या आधी. ज्यात भांडतात त्या मग. ज्यात कुणी फारसं काही बोलतच नाही आणि तरी लोक हसतात, त्या सगळ्यांत शेवटी. त्या कळल्या की माणूस इथला झाला.

"जा हो आई," सून म्हणाली. "तुम्हाला इंग्रजी होईल, तिला सोबत होईल."

सोबत म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. आमच्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारणी सोबतीला जाऊन बसत. बोलायचं काही नसे, नुसतं बसायचं. ते मला येत होतं.

दुपारी जाऊ लागले. ती चहा करायची, मी चिवडा न्यायची. सुरुवातीला आम्ही एका पाद्रीबुवांची मालिका बघितली. ते शिडीवरून, सायकलवरून, एकदा तर व्यासपीठावरून पडले. मला हसू आलं की मी पदर तोंडाला लावायची. सासरी तीच सवय लागली होती. वडीलधाऱ्यांसमोर हसायचं नाही, हसू आलं तर ते धरून ठेवायचं आणि चुलीपाशी जाऊन हसायचं. ती बाई माझा पदर हळूच खाली ओढायची.

भांडणाच्या मालिका मला कळल्या नाहीत. शब्द फार भरभर येत. मग मी समोरच्या माणसांकडे लक्ष देण्याऐवजी त्या न दिसणाऱ्या प्रेक्षकांकडे लक्ष देऊ लागले. कोण हसतं, कसं हसतं. एक बाई घोगरी हसायची, एक माणूस हसता हसता खोकायचा. ती मला ओळखीची होऊ लागली. घरी आल्यावरही कानात असत.

तिची आवडती मालिका एका धुलाईच्या दुकानाची होती. एक चिक्कू मालक आणि तिथे इस्त्री करणाऱ्या चार बाया. त्यातला एक भाग तिच्याकडे कॅसेटवर होता आणि तो ती पुन्हा पुन्हा लावायची. त्यात एका ठिकाणी सगळे हसून गप्प होतात. मालक नुसता उभा असतो. आणि त्या शांततेत एकच माणूस, मागाहून, पोट धरून हसल्यासारखा हसतो. त्या जागेला ती बाई डोळे मिटायची. तोवर तिला कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं. एकदा ती हसण्याची जागा येऊन गेली तरी तिने डोळे मिटले नाहीत, वाट बघत राहिली. मी तिच्या हातावर हात ठेवून म्हटलं, "देअर." तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून ती जागा आली की मी तिचा हात दाबायचा, असं ठरूनच गेलं.

कारण मला नंतर कळलं. सून मला बोलवायला आली होती, ती तिथेच अडकली. बाई बोलत होती आणि सून मला मराठीत सांगत होती. तो हसणारा माणूस तिचा नवरा. तो दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडहून आलेला. इथे छापखान्यात कामाला होता. छापखान्यातली माणसं एकदा ती मालिका करताना बघायला गेली, ही दोघंही गेली. त्या प्रसंगात दुकानात पाहुणी येते आणि इस्त्रीवालीला विचारते, इथे कसं काय चाललंय. इस्त्रीवालीच्या मागे मालक उभा. ती म्हणते, 'कान्ट ग्रम्बल.'

"म्हणजे तक्रारीला जागा नाही," सून म्हणाली. "इथे लोक असं म्हणतात, म्हणजे सगळं ठीक आहे. पण मालक मागे उभा आहे ना, म्हणून खरंच तक्रार करता येत नाही."

सगळे हसले, पण त्या माणसाला त्यात विनोद दिसला नाही. तो जिथून आला होता तिथे तक्रार करता येत नसे, एवढंच. मग बायकोने कानात सांगितलं की इथे याचा अर्थ बरं चाललंय असाही होतो. तेव्हा तो हसला, एकटाच. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. तिने लाजून त्याला चिमटा काढला. टीव्हीवर तो भाग लागला तेव्हा त्याने स्वतःचं हसू ऐकलं आणि उठून बाहेर गेला. पुन्हा कधी ती मालिका बघितली नाही. त्याचा दुसरा आवाज तिच्याकडे कुठेच नव्हता.

"ती म्हणते," सून हळू आवाजात म्हणाली, "माझ्यानंतर तो तिथे हसत राहील आणि तो कोण हे कुणालाच माहीत नसेल."

मला तो विनोद तिथल्या तिथे कळला होता. माझं लग्न झाल्यावर आई पहिल्यांदा भेटायला आली आणि तिने विचारलं, बरी आहेस ना. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, मला काय कमी आहे. आईने दाराकडे बघितलं. माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली.

आमच्या ह्यांचं हसणंही मी भिंतीआडूनच ऐकलं. ह्यांचं सायकलीचं दुकान घराला लागून होतं. मित्र जमले की तिथे हशा व्हायचा आणि मी आत पोळ्या लाटत असायची. माझ्यासमोर हे फार हसत नसत. जाऊन बरीच वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे, पण हसणं कसं होतं ते मला आठवत नाही. म्हणून मी त्या प्रेक्षकांत ऐकत बसायची. वेडेपणाच तो, हे कधी साताऱ्याच्या पुढे गेले नव्हते. तरी ऐकायची.

मग एके दिवशी यंत्राने कॅसेट खाल्ली. मी गेले तेव्हा बाई मांडीवर तपकिरी फितीचा गुंता घेऊन बसली होती. फीत दोन ठिकाणी तुटली होती. सुनेने कॉम्प्युटरवर शोधून त्या मालिकेची डीव्हीडी मागवली. बाईला त्याचा आनंद होईना.

"काय म्हणते?"

"म्हणते, जुना आवाज नव्याने साफ करून घालतात. साफ करताना त्यालाही पुसून टाकला असेल."

डीव्हीडी आली त्या रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे गेलो. मुलाने आपलं यंत्र नेऊन जोडून दिलं. बाईने तिचा चांगला निळा झगा घातला होता. मी तिचा हात हातात घेऊन बसले. तो गार होता. पाहुणी आली. इस्त्रीवाली म्हणाली, कान्ट ग्रम्बल. सगळे हसले आणि थांबले.

त्या शांततेत मला एक बाई कुजबुजताना ऐकू आली. शब्द नाही, नुसता श्वास, आणि त्यात एक बारीक शिट्टीसारखा 'स'. मग तो माणूस हसला. मी हात दाबला.

"इज ही देअर?" तिने विचारलं.

"येस," मी म्हटलं. "येस, येस."

तिने डोळे मिटून घेतले. मी मुलाला ती जागा पुन्हा लावायला सांगितली. त्याने आवाज वाढवला. "कुणी बोलत नाही आई. जुन्या आवाजात अशी खरखर असते." सुनेलाही काही ऐकू आलं नाही. मला ते बाईला सांगायचं होतं आणि माझ्याकडे तेवढं इंग्रजी नव्हतं. मी टीव्हीकडे बोट दाखवलं, मग तिच्याकडे, मग माझ्या कानाकडे. "यू," मी म्हटलं. "यू."

तिला वाटलं, मला विनोद कळला नाही. ती माझ्याकडे झुकली, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि समजावून सांगू लागली. कुजबुजत. तोच श्वास, तोच 'स'. माझ्या अंगावर काटा आला. पडद्यावरचा मालक आमच्याकडे बघत उभाच होता. तिचं सांगून झालं आणि ती वाट बघू लागली. मी हसले. पदर लावायचं राहून गेलं.

त्या हिवाळ्यात ती गेली. घर विकलं गेलं. नव्या माणसांनी भिंतीला काहीतरी लावून घेतलं, आता पलीकडून काही येत नाही. दुपारी मी मात्र नळ बंद करून उभी राहते.

मुलाच्या ऑफिसात पुण्याची, नागपूरची मुलं येतात. त्यांच्या नव्या बायका दिवसभर घरात एकट्या असतात. रविवारी जेवायला आल्या की विचारतात, "काकू, इथलं बोलणं कळायला काय बघू?" मी त्यांना बाईंचाच क्रम सांगते. पडणाऱ्या आधी, भांडणाऱ्या मग. शेवटची, धुलाईच्या दुकानाची, मी स्वतः लावून देते. त्या हसतात, डबा उघडतात, फोन बघतात. आजवर त्या शांततेत कुणी मान वर केली नव्हती. मीही काही विचारलं नाही. मुलगा म्हणतो तशी खरखर असेल, असं मलाही वाटू लागलं होतं. आता माझाही डावा कान गेलाय.

गेल्या महिन्यात नागपूरची एक मुलगी आली. अबोल, ताटातलं बोटाने चिवडत बसणारी. तिला मी प्रथमच सांगितलं, "सगळे हसून थांबले की मागाहून एक माणूस हसतो, तेवढा ऐक."

"कोण आहेत ते?"

"आमच्या ओळखीचे."

तिने ऐकलं. तो हसला. ती टीव्हीकडेच बघत होती.

"हो, ऐकू आले," ती म्हणाली. "आणि काकू, त्यांच्या आधी ती बाई काय बोलतेय?"

बाईचं मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"त्यांना समजावून सांगतेय," मी म्हटलं.