आता तर शहाण्यासारखा चालतोय

आई लेकराच्या कपाळाला उलटा हात लावून ताप बघते, तसा दुरुस्तीच्या दुकानातले काका कॉम्प्युटरला हात लावायचे. गिऱ्हाइकाने सीपीयू टेबलावर ठेवून चालू केला की आधी उलटा हात. मग मान तिरकी करून आतल्या पंख्याचा आवाज ऐकायचा. आणि मग ते ठरलेलं वाक्य, "आता तर शहाण्यासारखा चालतोय की!"

तुम्हीही असा कारागीर पाहिला असेल. आपण घरून बिघाड घेऊन निघतो, आणि त्याच्यासमोर तो बिघाड लाजून कुठेतरी जाऊन बसतो. मग आपणच खोटे पडतो. काकांच्या दुकानातून असे खोटे पडून गेलेले पुष्कळ लोक मी पाहिले. त्यांतली एक मीही होते.

दुकान सिडकोत, एका पिठाच्या गिरणीला लागून. त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरांच्या पंख्यांत कायम पीठ. ब्रशने झाडताना निघालेलं पीठ ते बोटावर घेऊन बघायचे. "मागल्या साली ज्वारी निघायची. औंदा नुसता रेशनचा गहू. पाऊस नाय झाला की माझ्या पंख्यालाबी कळतं." हे म्हणताना स्वतः हसायचे नाहीत. त्यामुळे आपण हसावं की नाही, ते कळायचं नाही.

मी बिडकीनच्या पुढच्या एका गावातून शिकायला आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. वाद कसा घालायचा ते मला येत नव्हतं. मोठ्या माणसाने नाही म्हटलं की नाही, एवढंच येत होतं. एका मावशींच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली होती. वाळूजला कंपनीत लागलेल्या भावाने मला एक जुना गेमिंग कॉम्प्युटर घेऊन दिला होता, बंद पडलेल्या एका कॅफेतला. तो खेळायला नव्हता. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट म्हणून मी एक गेम तयार करत होते. पाण्याचा टँकर अरुंद गल्ल्यांतून न्यायचा आणि पाणी सांडू द्यायचं नाही, एवढाच खेळ.

तो गेम अडकायचा. पण रोज नाही. आठवडाभर नीट चालायचा आणि एखाद्या दिवशी मध्येच टँकर झटके खायला लागायचा. जरा पुढे, मग थांब, मग एकदम उडी. अर्धा-पाऊण तास असं चालायचं आणि मग आपोआप ठीक. दोष मशीनचा की मी केलेल्या कामाचा, हेच कळत नव्हतं. मनातून वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं असणार.

तीनदा मी सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षाने दुकानात गेले. तीनदा उलटा हात. काकांनी धूळ काढली, रॅम बदलून पाहिली, आणि तिसऱ्या खेपेला दुपारभर स्वतः टँकर चालवला.

"पोरी, दिवसभर दारात टँकरच बघतो मी. पुन्हा हितंबी टँकर? दुसरं काय सुचलं नाय व्हय?"

मी ओशाळले. टँकर एकदाही अडकला नाही.

"पण काका, घरी अडकतो."

"मग दाखव. दिसला तर दुरुस्त. न दिसणाऱ्या रोगाला माझ्याकडं औषध नाय." वायर गुंडाळत ते म्हणाले, "राग मानू नको. पण नाचता येईना अंगण वाकडं, असंबी असतंय कधी कधी."

मी सीपीयू उचलला आणि निघाले. परतताना रिक्षात मात्र रडले.

मावशींच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी यायचं, कधी आठव्या, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. पाणी आलं की मावशी त्या तारखेला गोल करायच्या, म्हणजे पुढचा अंदाज बांधता येई. टँकर अडकला की मी त्याच कॅलेंडरवर पेन्सिलने फुली मारू लागले. कोणाला दाखवायला नाही. माझं मलाच खोटं वाटू नये, म्हणून.

दोनेक महिन्यांनी मावशी म्हणाल्या, "काय गं, माझ्या गोलात फुल्या कशाला मारतीस?"

तेव्हा मी नीट पाहिलं. प्रत्येक फुली गोलात होती.

मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि तशीच दुकानात गेले. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ ती पानं पाहिली. "पाणी परत कधी?" एवढंच विचारलं.

पाण्याच्या दिवशी ते सकाळीच घरी आले, हातात जेवणाचा डबा. मावशी हंडे मांडत होत्या. "अहो, पाण्याच्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याचं काय काम?"

"मशीनचीबी पाण्याचीच तक्रार हाय, ताई," काका म्हणाले आणि जिना चढले.

अकराच्या सुमारास गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं!" पाठोपाठ घरोघरच्या मोटारी सुरू झाल्या. छताचा पंखा मंदावला. टेबलाखालच्या यूपीएसमधून टक असा आवाज आला. लाईट गेली तर कॉम्प्युटर लगेच बंद पडू नये म्हणून लावतात, तो हा बॅटरीचा डबा. दुकानात मी नुसता सीपीयू नेत असे. हा घरीच राहायचा. टक झालं, आणि स्क्रीनवर टँकर झटके खाऊ लागला.

मला ओरडावंसं वाटलं, दिसलं काका, दिसलं! पण ते आधीच खाली वाकले होते. यूपीएसपासून सीपीयूत गेलेली एक बारीक वायर त्यांनी ओढून काढली. टँकर सरळ चालू लागला.

"ही वायर लाईट गेल्याचा निरोप देती," ते वायर हातात धरून म्हणाले. "सगळ्या मोटारी एकदम लागल्या की व्होल्टेज पडतं. हा डबा बॅटरीवर जातो. मशीनला वाटतं, लाईट गेली. मग ते अंग राखून चालतं, बॅटरी पुरावी म्हणून. अन् तुझा टँकर अडकतो. तुझ्या कामात खोट नाय."

मी एवढी आनंदले होते की त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं. पाहिलं तेव्हा ते जमिनीवर बसले होते. जेवणाचा डबा तसाच बाजूला.

"माझ्या पोराच्या मशीनला ही वायर मीच लावली व्हती," ते म्हणाले. "लाईट गेली तर त्याचं काम जाऊ नये म्हणून."

त्यांना एकच मुलगा. तो पुण्यात नोकरीला आहे, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. बारावीनंतर तो गेमच्या स्पर्धा खेळायचा, घरूनच. तो म्हणायचा, पप्पा, मशीन मध्येच अडकतं. काका संध्याकाळी दुकानातून आले की बघायचे, तेव्हा नीट चालायचं. एका मोठ्या स्पर्धेत तो अगदी शेवटाला हरला. मित्र जमले होते. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, मशीन अडकलं. काकांनी उलटा हात लावला आणि म्हणाले, आता तर शहाण्यासारखा चालतोय की! नाचता येईना अंगण वाकडं. मित्र हसले. मुलाने मशीन बंद केलं, त्यावर चादर टाकली, आणि त्यानंतर वडिलांना कशाचीच तक्रार सांगितली नाही. पुण्याला गेला. दिवाळीला यायचा, आईशी बोलायचा.

"त्या दिवशी आमच्याकडं पाणी आलं व्हतं," काका म्हणाले. "मित्र हंडे उचलू लागले व्हते, म्हणून ध्यानात हाय."

मी पास झाले तेव्हा पेढे घेऊन दुकानात गेले. भिंतीवर नवा कागद चिकटवलेला होता. 'कधी अडकतं ते लिहून आणा. इथे दिसलं नाही तरी चालेल.' काका म्हणाले, "बस. तुझ्यासमोरच करतो. एकट्याला जमंना." त्यांनी मुलाला फोन लावला. हातात सतत स्क्रू-ड्रायव्हर असल्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा. तसाच तेव्हाही होता. मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठता आलं नाही.

"अरे, तुझं ते मशीन... अडकत व्हतं. तुझं खरं व्हतं. माझी वायर व्हती ती."

"कुठलं मशीन, पप्पा?"

काकांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तुझं. गेमचं."

"अहो, किती वर्षं झाली त्याला. मी मीटिंगमध्ये आहे. नंतर बोलू?"

"हं. जेवण करत जा वेळेवर," काका म्हणाले. फोन बंद झाल्यावरही ते त्याच्याकडे बघत राहिले. मग पेढ्याचा खोका उघडून म्हणाले, "खव्याचा हाय का? चांगलं केलंस."

त्यानंतर मी त्यांना कधीच कोणाच्या मशीनला उलटा हात लावताना पाहिलं नाही. ते वाक्यही नाही. लोक येत, तक्रार सांगत, आणि ते मान हलवून ऐकत राहत. फुकट मिळालेली कॅलेंडरं जमवून ठेवली होती, ती एकेकाला फुल्या मारायला देत. नवे फ्लॅट बांधले जात होते, गल्लीत पाण्याच्या मोटारी वाढत होत्या. बऱ्याच जणांचा बिघाड त्या कॅलेंडरवरच सापडायचा.

त्याच वर्षी, दिवाळीला महिना होता. दुपारी गिरणीवाला चहा घेऊन गेला, तेव्हा काका खुर्चीतच बसलेले होते. दवाखान्यात न्यायच्या आधीच गेले.

तेराव्यानंतर मी काकांच्या घरी गेले. पुढच्या खोलीत मुलाचं जुनं मशीन मांडलेलं होतं, चादर काढून, स्वच्छ पुसून. यूपीएसला नवी बॅटरी. भिंतीवर कॅलेंडर, त्यावर गोल आणि गोलांत फुल्या. अक्षर काकांचं.

काकू म्हणाल्या, "दर पाण्याला ह्याच्यासमोर बसायचे. मी म्हणायची, हंडे भरू लागा. तर म्हणायचे, थांब, आजबी दिसंल."

मुलगा टेबलाखाली वाकून बघत होता. ती बारीक वायर जागेवरच होती. "हीच ना?" त्याने मला विचारलं. "ही काढली की संपलं ना? त्यांनी काढली का नाही?"

काकूच म्हणाल्या, "म्हणायचे, तोंडानं सांगून त्याला पटलं नाय. दिवाळीला आला की दाखवतो."

तो कॅलेंडरकडे बघत राहिला. "पाणी कधी आहे?"

"उद्या यायला पाहिजे."

त्याने पुण्याची गाडी एक दिवस पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी मीही रजा काढून गेले. त्याने मशीन चालू केलं, आपला जुना गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. दारात हंडे, बादल्या, टाकीचं झाकण उघडं. अकरा वाजले, एक वाजला. मग शेजारची बाई सांगत आली की मोठी पाइपलाइन कुठेतरी फुटलीय, आज पाणी नाही. तरी तो उठला नाही. स्क्रीनवरची गाडी दुपारभर सरळ धावत होती.

चार वाजता त्याने हात पुढे केला आणि सीपीयूला लावला. उलटा.

"आता तर शहाण्यासारखा चालतोय की," तो म्हणाला.

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी खाली बघत राहिले. तो काहीच विसरला नव्हता.

बॅग उचलताना त्याने विचारलं, "पाणी आलं की मला फोन कराल?"

तिसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला, पाणी सुटतंय, लवकर ये. मी धावत गेले, मशीन चालू केलं, त्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकून टेबलाखाली यूपीएसजवळ धरला. बाहेर एकेक मोटार लागत होती. काकू कळशी घेऊन मोरीकडे पळाल्या. पंखा मंदावला.

टक.

गाडी अडकली. जरा पुढे, मग थांब, मग एकदम उडी.

"ऐकू आलं का?"

मला वाटलं, फोन कट झाला.

"आलं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ती वायर काढू नका."