फॉर्म मिटल्यावर

आमचं गाव, धावडा, सोडलं त्या सकाळी मला जीपमध्ये पुढची, ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली. मिळाली कसली, दादाने अर्धा तास आधी येऊन रुमाल टाकून ठेवला होता. त्याचा धाकटा भाऊ पुण्याला पीएच.डी. करायला निघालेला, तो काय मागे कोंबून जाणार? बॅग टपावर चढली. आमचे वडील, अण्णा, खिडकीशी उभे होते. "शिकून ये," म्हणाले, आणि थोडं थांबून, "पण पाव्हणा होऊन येऊ नको." तेवढ्यात रेखावहिनी, दादाची बायको, घरातून लगबगीने आल्या आणि त्यांनी माझ्या मांडीवर एक निळी फाइल ठेवली. दहावीपासून एम.एड.पर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका क्रमाने, प्रत्येकीच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि वर त्यांच्या गोल अक्षरात यादी. "ओरिजनल कुणाच्या हातात देऊ नका भाऊजी. काही लागलं तर फोन करा."

वहिनी जाफराबादच्या. लग्नाआधी डी.एड. झालेल्या. शिक्षक भरती निघेल म्हणून त्यांनी अशीच एक फाइल स्वतःसाठी केली होती. भरती निघायची, अडायची, पुन्हा निघायची. त्यांची फाइल कपाटात राहिली आणि माझी पुण्याला आली. त्या सकाळी मला यात काही खटकलं नाही. वाटेत एका वाडीवर शाळेच्या तीन मुली जीपमध्ये चढल्या, मागे, मोठ्या माणसांच्या मध्ये. मी फाइल सांभाळत पुढे बघत होतो. मागे वळून पाहिलं नाही. तेव्हा पाहिलं असतं तर पुढची चार वर्षं वाचली असती, असं आज वाटतं.

गावातले लोक विचारायचे, "किती शिकून राह्यला रे तू? संपत न्हाई का ते?" त्यांना एकदा नीट सांगायचं राहूनच गेलं. शिक्षणशास्त्राची पीएच.डी. म्हणजे आधी प्रवेश परीक्षा, मग समितीपुढे विषय मांडायचा, तो नामंजूर झाला की बदलून पुन्हा मांडायचा. कोर्सवर्कची हजेरी भरायची. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, प्रगती झालेली असो वा नसो. शोधनिबंध छापून आणायचे, परिसंवादांची प्रमाणपत्रं गोळा करायची, वाङ्मयचौर्य नसल्याचा दाखला, ग्रंथालयाचं काही देणं नसल्याचा दाखला. प्रबंधात प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाची 'कार्यात्मक व्याख्या' द्यायची, म्हणजे तुमच्यापुरता त्या शब्दाचा अर्थ काय ते एका वाक्यात सांगायचं. आणि सुरुवातीलाच एक प्रतिज्ञापत्र: हे संशोधन मी स्वतः केले आहे. खाली सही. सगळ्यांत सोपी पूर्तता तीच. दोन मिनिटांत होते.

माझा विषय होता सातवीनंतर मुलींची शाळा का सुटते. गावाकडचा विषय घेतला की समिती खूश होते, हे मला कोर्सवर्कमध्येच कळलं होतं. मुलींच्या आयांना विचारायच्या प्रश्नांचे फॉर्म छापून झाले, आणि तिथे घोडं अडलं. पुण्यात मी एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होतो. सुट्टी घेतली की तास दुसऱ्याला जायचे. मी फॉर्मांचा गठ्ठा भोकरदनला, आमच्या तालुक्याला, जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला आणि वहिनींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "किती बायांकडं जायचं?"

वहिनी दुपारच्या निघायच्या. कापूस वेचणीच्या दिवसांत बायका घरी नसतात म्हणून शेताच्या बांधावर जायच्या. धावड्याच्या आसपासच्या वाड्यांवर पायी, जाफराबादकडे माहेरी गेल्या की तिकडच्या. पहिल्या आठवड्यानंतर त्यांचा फोन आला. "भाऊजी, सगळ्या बाया एकच सांगून राह्यल्या. घरकाम. पोरगी घरकामाला लागते म्हणून काढली."

"मग तेच लिहा वहिनी."

"लिहिते. पण खरं न्हाई ते. मी फॉर्म मिटला, पेन पिशवीत टाकला, निघाले म्हणून उठले, की मंग बोलतात. पेन दिसला की बाई सरकारशी बोलल्यासारखी बोलते."

फॉर्म मिटल्यावर बायका जे बोलल्या ते वहिनींनी घरी येऊन दोनशेपानी वह्यांमध्ये लिहिलं. तीन वह्या झाल्या. माझ्या छापील चौकटींबाहेरचं सगळं त्यांत होतं. 'पोरीला जीपमध्ये मागं बसवतात, माणसांच्या मधी. ती घरी येऊन जेवत नसायची. आईनं कारण विचारलं न्हाई, शाळाच बंद केली.' 'ही बोलताना सारखी दाराकडं बघून राह्यली होती. सासू आत होती.' 'हिला अजून वाटतं की बस सुरू झाली तर पोरीला परत घालावं.' मी पुण्यात बसून त्या वह्या वाचल्या आणि मला त्या सकाळच्या तीन मुली आठवल्या, जीपच्या मागच्या बाकावरच्या.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे त्या वह्या. भाषा मी प्रमाण केली, शीर्षक दिलं, 'संशोधकाची निरीक्षणे'. माझे मार्गदर्शक सरळ माणूस होते. त्यांनी विचारलंही, "माहिती कुणी गोळा केली? कुणी मदत केली असेल तर क्षेत्रसहायक म्हणून नाव लिहा, नियमात बसतं." एक ओळ लिहायची होती. मला भीती वाटली. बाकी कामात माझं असं काय उरत होतं? तक्ते आणि टक्केवारी. "मीच केली, सर," म्हणालो. ऋणनिर्देशात सगळ्यांची नावं आली, झेरॉक्सवाल्याचंसुद्धा. वहिनी 'माझे सर्व कुटुंबीय' या तीन शब्दांत बसल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

शेवटची मौखिक परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसावं. येतात ते घरचेच. अण्णा तोपर्यंत गेले होते. दादा आणि वहिनी आदल्या दिवशीच आले, भोकरदनचे पेढे घेऊन. वहिनी लग्नातली हिरवी साडी नेसून शेवटच्या रांगेत बसल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे तक्ते भराभर उलटले आणि चौथ्या प्रकरणावर थांबले. म्हणाले, "फॉर्मवर सगळ्या घरकाम म्हणतात आणि तुमच्या निरीक्षणांत वेगळंच निघतं. हे तुमच्या हाती लागलं कसं?"

त्या क्षणी मागे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "मी फॉर्म मिटायचो, सर. पेन खिशात ठेवायचो. मग बायका बोलायच्या."

"पण पुरुषाशी बोलल्या हे सगळं?"

"घरातली एक बाई सोबत न्यायचो."

परीक्षकांनी मान डोलावली. "हीच तुमची खरी भर आहे," म्हणाले. टाळ्या झाल्या. दादा सगळ्यांत जोरात वाजवत होता, त्याला काहीच कळलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात वहिनींनी माझ्या हातावर पेढा ठेवला. "बराबर बोलले तुम्ही. पेनाचं ध्यानात ठेवलं." आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

पदवी मिळाली, तिच्यावर बी.एड. कॉलेजात कायमची नोकरी लागली. फ्लॅट झाला. आता संशोधन पद्धती हा विषय मीच शिकवतो आणि मुलांच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या घेतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी वहिनींचा फोन आला. जालन्यात एका संस्थेला गावोगाव पाहणी करायला बायका हव्या होत्या. अनुभवाचा कागद मागत होते. "तुम्ही नुसतं लिहून द्या भाऊजी, मी ते फॉर्म भरले म्हणून. दुसरं काही नको." लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. पण तसं लेटरहेडवर लिहिलं की माझं प्रतिज्ञापत्र खोटं ठरत होतं. "बघतो," म्हणालो. वहिनींनी आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी बघतोच म्हणालो. मग फोन आला नाही. ती जागा कुणा दुसरीला गेली.

या दिवाळीत मी धावड्याला गेलो. जालन्यापासून पुढचा रस्ता आता चांगला झालाय, स्वतःच्या गाडीने गेलो. बरोबर प्रबंधाची माझी प्रत नेली. ऋणनिर्देशासमोरच्या कोऱ्या पानावर मी पेनाने लिहिलं होतं: या प्रबंधातील सर्व मुलाखती आणि चौथ्या प्रकरणातील सर्व निरीक्षणे सौ. रेखा यांची आहेत. खाली सही, तारीख. ते पान लिहायला मला एवढी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर मला फार हलकं वाटलं, हेही कबूल करतो.

दादा अंगणात कापसाची गाठोडी बांधत होता. वहिनींनी हात पुसून प्रत घेतली, उंबऱ्यात बसून ते पान वाचलं. पुन्हा वाचलं.

"पेनानं लिहिलेलं चालतं का तिथं?"

"कुठे?"

"विद्यापीठात. तिथल्या पुस्तकात बी लिहिलं का असं?"

"न्हाई वहिनी. तिथं आता बदलता येत नाही." हे पूर्ण खरं नव्हतं. विचारायला मी कधी गेलोच नव्हतो.

"त्या वाडीवरल्या बाया अजून विचारतात मला," त्या म्हणाल्या. "भाऊजींचं पुस्तक झालं का, बस सुरू व्हणार का म्हणून. मी त्यांना तसं बोलले व्हते ना. मंग काय सांगू?"

त्यांनी प्रत मिटली. पानात राहिलेलं माझं पेन काढलं, टोपण लावलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते खिशात ठेवलं. पुस्तक मिटलं, पेन आत गेलं. आता खरं बोलतील, मला वाटलं. शिव्या देतील, रडतील, काहीही. मी वाट बघत बसलो.

वहिनी उठल्या. "चहा टाकते. साखर किती घेता तुम्ही?"

कोणत्या वाडीवरची कोणती बाई कुठे बघत बोलली हे ज्यांना आजही तोंडपाठ आहे, त्या मला साखर विचारत होत्या. पुण्यात कुणी मला घराची कार्यात्मक व्याख्या विचारली तर मी आता एका वाक्यात देऊ शकतो: जिथे साखर विचारत नाहीत ते घर. मी म्हणालो, दोन चमचे. चहा कपबशीत आला, वर स्टीलच्या ताटलीत चार बिस्किटं. दादाला मात्र त्यांनी अंगणात नेहमीच्या पितळी पेल्यातच दिला, न विचारता.