गढीच्या चित्रातली भिंत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मी कोल्हापुरात ड्रॉइंग मास्तर आहे. डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढा, असं वर्गात रोज सांगतो. तरीही हे लिहितोय...

महाराज गादीवर आल्यापासून आमच्या संस्थानात नवी बांधकामं जोरात आहेत. हातकणंगले स्टेशनपासून मैलभरावर अशीच एक कापसाची गिरणी उभी राहत होती. शेजारीच एक पडकी गढी. तिचेच दगड उपसून गिरणीच्या पायात घालत होते. गिरणीची नवी चिमणी आणि जुनी पडझड एकाच कॅनव्हासवर घ्यावी, असं माझ्या मनात आलं.

गढीची एकच खोली ओळखू येत होती, तीही गुडघाभर भिंतींची. दुपारी गिरणीच्या कामावरचे दस्तगीर गवंडी तिथे भाकरी खायला बसायचे. माणूस असला की जागेचा अंदाज येतो, म्हणून त्यांनाही चित्रात घेतलं.

चित्र घरी आणून खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याच कमरेला. सकाळी पाहतो तर भिंत एका थरानं वर आलेली! वाटलं, आपलीच काहीतरी चूक. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर... पाचव्या दिवशी दस्तगीरभाईंचं फक्त डोकं दिसत होतं.

चित्र काखोटीला मारून मी तडक त्यांचं घर गाठलं. ते अंगणात बाजेवर पडले होते. श्वास नुसता वर-वर.

"पाच दिस झालं," त्यांची बायको म्हणाली, "छाती आवळल्यावानी हुतंय म्हणत्यात."

मी चित्र पुढे धरलं. दस्तगीरभाईंनी दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"मास्तर, ही रचणी माझ्या हातची हाय."

"अहो, पण हे चित्र आहे!"

"व्हय की. रोज झोपंत हीच भित्ताडं रचतोय... आतनं. दार ठेवायचं ध्यानातच येत न्हाय."

चित्रातल्या स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "मला हितनं पुसा."

"आन् पुसल्यावर माणूसच गेलं तर?" बायको ओरडली.

दस्तगीरभाईंनीच माझं मनगट धरलं – "पुसा की, मास्तर. दम पुरंना झालाय."

रंगाच्या सुरीनं मी ते डोकं खरवडून काढलं. नजर चित्रावर नव्हती – त्यांच्या तोंडावर होती. विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा त्यांनी एक मोठा श्वास घेतला, आणि रडायलाच लागले.

त्यानंतर चित्रातली भिंत वाढली नाही. दस्तगीरभाई बरे झाले, पण थापी पुन्हा हातात धरली नाही. आता स्टेशनवर हमाली करतात. मला पाहिलं की दुसऱ्या बाजूला वळतात.

हे कशानं झालं, मला आजही सांगता येत नाही. कुणी जाणकार असेल तर जरूर कळवावं. खरवडलेली जागा मी मातीच्या रंगानं बुजवली, त्याला दोन वर्षं झाली. बाकीचं चित्र वाळून कडकडीत झालंय. तेवढा ठिपका मात्र अजून बोटाला ओला लागतो... आणि कोमट.