मिरचीचे देठ खुडणारं यंत्र

"अजून पाह्याचं नाई," असं म्हणायचं आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून हातातल्या वस्तूवर टाकायचा, ही शेजारच्या काकांची सवय. वस्तू कोणती याला महत्त्व नव्हतं. एकदा मी सहज त्यांच्या दारात गेले तर ते ओट्यावर बसून केळं खात होते. माझी चाहूल लागली आणि केळ्यावर दुपट्टा! मी म्हटलं, "काका, केळ्याचंबी पेटंट घेता काय आता?" ते इतके ओशाळले की मलाच कसंतरी झालं.

तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा माणूस असेल, म्हणजे मी काय सांगते ते तुम्हाला लवकर कळेल. माझी गिरणी यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, एमआयडीसीच्या रस्त्याला लागून. एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला मिरची-हळदीचं कांडप. गिरणीची मागची भिंत आणि काकांच्या घराची भिंत एकच. काका मूळचे नेरकडचे, एमआयडीसीतल्या एका तेलाच्या कारखान्यात फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. लोक त्यांना मागून 'शास्त्रज्ञ' म्हणत आणि हसत. हसायला काय जातं? मीही हसले आहे.

पण ते पहिल्यापासून असे लपवाछपवीचे नव्हते. त्यांनी सगळ्यात आधी दूध उतू न जाऊ देणारं झाकण केलं होतं. काय तो आनंद! वणीला साळ्याच्या पोरीच्या लग्नात गेले तर झाकण सोबत. स्वयंपाकाच्या मांडवात भट्टीवर दूध ठेवून अख्ख्या वऱ्हाडाला त्यांनी ते दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आहेर राहिला बाजूला. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत एक भांड्यांच्या धंद्यातला होता. पुढच्या दिवाळीला तसलं झाकण यवतमाळच्या बाजारात हातगाड्यांवर आलं. काका नागपूरच्या वकिलाकडे धावले. वकील म्हणाला, आधी अर्ज करायचा असतो, मग दाखवायचं असतं. चारचौघांत एकदा दाखवलेली वस्तू नवी राहत नाही. झालं. तेव्हापासून त्यांनी दाखवणं सोडलं.

दुसरा शोध औषधाचा. मिरचीनं हाताची आग होते ना, त्याच्यावर लावायचं पाणी. कसकशाचे अर्क काढून, उकळून, गाळून त्यांनी ते तयार केलं. घरभर असा वास सुटायचा की माझ्या गिरणीतलं गिऱ्हाईक नाक धरायचं. त्याचा अर्ज केला तर उत्तर आलं की ही माहिती लोकांना पूर्वापार आहे, हिला पेटंट देता येत नाही. आमच्याकडे देठ खुडायला येणाऱ्या सक्रीबाईंना हे कळलं. त्या तांड्यावरच्या, वयानं सगळ्यांत मोठ्या, त्यांना आम्ही याडी म्हणतो. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. याडी म्हणाल्या, "तेल आन् चिंच तर माही आजीबी लावे. सरकारले कायले इचारलं? मले इचाराचं!"

मग तिसरा शोध सुरू झाला, तो यंत्राचा. त्याच्यात किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. मागची खोली बंद, आतून घासण्याचा, ठोकण्याचा आवाज, मधूनच मोटर गुरगुरायची आणि बंद पडायची. अर्ज केल्यावर वकिलानं त्यांना सांगितलंही होतं की आता दाखवायला हरकत नाही. काका मला म्हणाले, "वकील म्हनते दाखवा. त्याच्या बापाचं काय जाते?"

आता काकूंचं सांगते. काकू म्हणजे बोलणं. सकाळी दारात झाडू मारताना रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही त्या "कोन्या गावचे जी?" विचारणार. लेक पुण्याला दिलेली, तिला तिच्या नोकरीतून सवड नाही, आणि नवरा त्या खोलीत. काकू खोलीच्या दाराशी उभ्या राहायच्या. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

"अवो, काय करून राह्यले? पाहू द्या ना जरासं."

"अजून पाह्याचं नाई."

"मी काय उचलून नेईन काय तुमचं?"

"झालं की पह्यले तुलेच दाखवीन. जा."

मग काकू माझ्याकडे यायच्या. फागुन लागला की आमच्याकडे मिरच्यांची पोती येतात, आणि टिनाच्या शेडखाली बाया देठ खुडायला बसतात. तांड्यावरच्या काही, वस्तीतल्या काही. काकूंना पैशाची गरज नव्हती, पण त्या रोज येऊन बसायच्या, याडीच्या बाजूला. संध्याकाळी हातांची आग आग व्हायची. मिरचीचा तो दाह असा की हात पाण्यात घाला नाहीतर तुपात, रात्रभर उतरत नाही. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, कायले हात भाजून घेता? तुमाले काय कमी आहे?"

काकू म्हणाल्या, "घरी कोनाशी बोलू माय? भिंतीशी?"

माझा नवरा वणीच्या कोळशाच्या ट्रकवर, महिन्यातून कधीतरी घरी उगवणारा. त्या शेडखालच्या गोंगाटावर मीही जगत होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. बाया काय नाही बोलायच्या! सुनांची उणीदुणी, जत्रा, कोणाचं पोट दुखतं, कोणाची गाय व्याली, सगळं. काकू त्यात रंगून जायच्या. हसताना त्यांना ठसका लागायचा, मग सगळ्यांनाच लागायचा.

एका दिवाळीच्या आधी काकू तापानं गेल्या. चार दिवसांचा ताप, दवाखाना, आणि संपलं. यंत्र तेव्हा पुरं झालं नव्हतं.

तेरवी झाली, लेक परत गेली, आणि काका एकदा माझ्या गिरणीत येऊन पिठाच्या डब्यांजवळ उभे राहिले. बोलायचं होतं, पण कसं बोलावं हे त्यांना कळत नसे. शेवटी म्हणाले, "मिरचीचं आहे ते."

"काय मिरचीचं, काका?"

"मशीन. देठ खुडाचं. तिचे हात पाह्यले होते ना तू? संध्याकाळी येऊन ते हात मांडीवर उलटे ठेवून बसे. मले पाहवे नाई. म्हटलं, औषध नाई तं नाई, हे कामच बंद करू. मशीन झालं की तिले बसाची गरजच नाई."

काकू कशासाठी यायच्या ते मला माहीत होतं, अख्ख्या शेडला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त त्यांना. पण बायकोला जाऊन महिना झाला नाही अशा माणसाला हे सांगवत नाही. मी म्हटलं, "पुरं करा काका."

त्यांनी पुरं केलं. आता त्यांच्या मनात एकच होतं, ते मला येता-जाता सांगायचे: तिचे हात राहिले, निदान बाकीच्या बायांचे तरी सुटले पाहिजेत. यंत्र बायांनी पाहावं आणि त्यांच्या तोंडावर आनंद दिसावा, एवढ्यासाठी तो माणूस रोज उठत होता. त्या घरात दुसरं काही उरलंच नव्हतं. मी डबा पाठवायचे, तो संध्याकाळपर्यंत तसाच पडून असायचा.

आणि पेटंट मिळालं! खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. काका नवा सदरा घालून गिरणीत आले. "मिळालं," एवढंच म्हणाले. मी पेढे आणले. ऐन हंगाम होता, शेड बायांनी भरलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एमआयडीसीतल्या दोन हमालांनी यंत्र उचलून माझ्या शेडखाली आणलं.

यंत्र सुंदर होतं हो. वरून मिरच्या टाकायच्या, खाली दोन रूळ उलटसुलट फिरायचे, देठ त्यांच्यात सापडून तुटायचा आणि मिरची न फुटता पुढं घसरायची. एका बाजूला देठांचा ढीग, एका बाजूला लाल मिरची. काकांनी अर्धं पोतं बघता बघता रिकामं केलं. मग मोटर बंद करून ते बायांकडे पाहत उभे राहिले. कपाळावर घाम, आणि तोंडावर अशी वाट पाहणं की मला खाली बघावं लागलं.

कोणी टाळी वाजवली नाही. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. शेवटी याडी म्हणाल्या, "भल्लं झालं मशीन. डोकं आहे तुमाले. पन मंग आमी कुठी बसाचं?"

काका हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. "घरी बसाचं! आराम कराचा!"

"घरी कोन आहे?" याडी म्हणाल्या.

त्यांच्या घरी खरंच कोणी नव्हतं. दोन्ही पोरं बाहेरगावी कामाला, नातवंडं तिकडेच. अन् तिथं बसलेल्या निम्म्या बायांचं तसंच होतं. काकांना ते कळेना. ते म्हणाले, "अवो, हात भाजते ना तुमचे!"

"भाजते ना."

"तिचेबी भाजत होते. पाह्यलं आहे मी."

याडी उठून त्यांच्याजवळ गेल्या. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "बापू, तिचे हात रोज भाजत. तरी रोज ये. कायले ये, ते इचारलं काय कधी तुमी तिले?"

काका यंत्राला हात लावून उभे राहिले, आणि मग तसेच घरी गेले. मला याडीचा इतका राग आला! मी म्हटलं, "काय गरज होती बोलाची? म्हातारा मरून जाईन ना." याडी म्हणाल्या, "खोटं बोलून हसली असती तं उद्या कोनी आलं असतं काय त्याच्या मशीनपाशी? मंग तो रोज वाट पाहात बसला असता."

मी यंत्र विकत घेऊ का, असं काकांना विचारलंही. ते नाही म्हणाले. नंतर वर्धेचा एक व्यापारी पाहून गेला, पुढं त्याचं काही झालं नाही. काका त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले, झोपेतच. लेक आली, तिनं सगळं उरकलं आणि घराला कुलूप लावलं. जाताना मला म्हणाली, "बाबा नेमकं काय करत होते, ते मला कधी कळलंच नाही." मी तिला सांगायला सुरुवात केली आणि तिची गाडी निघायची वेळ झाली. भिंतीपलीकडून आता काही ऐकू येत नाही. मधूनच मी गिरणी थांबवते, उगाच. कधी वाटलं नव्हतं की ठोकाठोकीची एवढी आठवण येईल.

पण जाण्याआधी तो एक हंगाम काका माझ्या शेडखाली बायांत बसत होते, त्यातला पहिला दिवस मला सांगायचा आहे. यंत्र दाखवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाया नुकत्या येऊन बसल्या होत्या. काका आले, कोणाशी न बोलता याडीच्या बाजूला खाली बसले आणि समोरच्या ढिगातली एक मिरची उचलली. त्यांना खुडता येत नव्हतं, मिरची मधेच फुटायची. कोणी हसलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "ती काय बोले इथं?"

मी गिरणी चालू करणार होते, ती केली नाही. दोन गिऱ्हाइकं कुरकुर करत परत गेली. जाऊ द्या म्हटलं.

मग एक म्हणाली, "तुमचंच बोले." दुसरी म्हणाली, "त्या खोलीत काय आहे, हेच रोज वळखत बसे ती! आवाज आयके अन् इथं येऊन सांगे." मग सगळ्यांनाच आठवायला लागलं. एकदा म्हणे शेवयांचं मशीन असंल. एकदा म्हणे उसाच्या रसाचं. एकदा तर म्हणे, "इमान बनवून राह्यला बुढा, त्याच्यात बसून आमी पोरीकडं पुन्याले जातो!" त्या दिवशी बाया इतक्या हसल्या होत्या की एकीच्या मांडीवरचं सूप उलटलं होतं. सांगतानाही हसल्या. आणि काकाही हसले. त्यांना हसताना मी किती दिवसांनी पाहत होते.

हसू ओसरल्यावर त्यांनी याडीकडे पाहिलं. "मिरचीचं असंल, असं नाई म्हनली कधी?"

याडीचा हात थांबला. "नाई जी."

"एकदाबी?"

"मी म्हनली होती तिले. म्हटलं, तुह्यासाठीच काहीतरी असंल माय. तं हसली. म्हने, कायबी असंल, पन माह्यासाठी नसंल."

काकांनी ऐकलं. याडीनं आपल्या ढिगातल्या ओंजळभर मिरच्या त्यांच्यापुढं सरकवल्या. ते दिवेलागणीपर्यंत खुडत बसले, आणि उठले तेव्हा दोन्ही हात त्यांनी तसेच, न धुता, घरी नेले.