खालच्या गावची घंटी

आमच्यात थोरल्या दिराचं नाव घेत न्हाईत. पण तुम्हाला कळायला पाह्यजे म्हणून एकदाच घेते: कडूबा. झालं, आता पुढं दादाच म्हणीन. त्यांची बायको झुंबरबाई, माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या घरात वाटी पडली तरी मला इकडं ऐकू येती, म्हणून हे सांगते ते ऐकीव न्हाई.

दुधनेवर धरण झालं आन् आमचं गाव पाण्याखाली गेलं. आम्हाला वर सडकेच्या कडंला नवं गाव बांधून दिलं. पण बोलताना नवं-जुनं कोण म्हणतंय? आम्ही दोन्हीला गावच म्हणतो. 'गावात जाऊन येतो' म्हणलं की माणूस किराणा आणायला चालला का खाली धरणाकडं, ते त्याच्या तोंडावरून ओळखायचं.

दादांची सगळी जिंदगी सायकलवर गेली. जुन्या गावातून परतूरच्या हॉटेलांना दूध घालायचे. येताना लिंबाच्या वळणावर घंटी वाजवायचे, एक लांब, दोन आखूड. ती ऐकली की आक्का डोक्यावर पदर घ्यायची आन् तवा चुलीवर टाकायची. मी नवी नवरी होते, तिला चिडवायचे, "आक्का, वाजला बघा तुमचा पावा!" ती उलथनं घेऊन माझ्यामागं धावायची.

त्या आक्काच्या डोक्यातून एकेक निसटायला लागलं. आधी भाजीतलं मीठ, मंग लेकीच्या सासरचं गाव, आन् मंग दादांचं तोंड. एका सकाळी दादांनी चहा पुढं केला तर म्हणती, "बाबा, तुम्ही कोण? मला घरी नेऊन सोडा. आमचे मालक वाट बघत असतील." दादांनी कप खाली ठेवला. जालन्याचे डॉक्टर म्हणले विसरण्याचा आजार आहे, गोळ्या चालू ठेवा. गोळ्यांनी झोप आली, माणूस काही परत आलं न्हाई.

नव्या गावात तिचा जीव घाबरायचा. सडकेवरून ट्रक गेला की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात बसायची, "घरी चला, घरी चला" करायची. दादांनी अंगणातून घंटी वाजवून पाह्यली, पण त्या मेल्या हॉर्नमधी कुठली घंटी ऐकू येती!

उन्हाळ्यात पाणी उतरलं. पाणी उतरलं की आमचा जुना रस्ता उघडा पडतो. दोन्ही बाजूला भेगाळलेला गाळ, कुठं कुठं कोणी काकडी-खरबूज लावलेलं, आन् मधून मुरुमाची, गोट्याची वाट गावापर्यंत. ना गाडी, ना माणूस. करकोचे तेवढे पाण्याच्या कडंला उभे. दादांनी कॅरेजला गोधडीची घडी बांधली, आक्काला बसवलं आन् निघाले. माझे मालक म्हणले, "दादाचं डोकं फिरलं का काय? तिथं काय ठेवलंय?" मी म्हणलं, "तुम्ही गप बसा." आन् पहिल्या दिवशी मी पण चालत मागं गेले.

सडक मागं पडली तशी आक्का शांत झाली. चाकाखाली खडी कुरकुर वाजायची तेवढाच आवाज. वेशीजवळ आली आन् बोलायला लागली. जोत्याचे दगड तेवढे उरलेत हो, भिंत न्हाई का छप्पर न्हाई. पण ही एकेका जोत्याकडं बघून बोलती, "चांगुणाबाई, पाणी भरलं का?" थांबती, ऐकून घेती, आन् हसती. चांगुणाबाईला जाऊन किती वर्षं झाली! ऐन दुपारी माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, मी पण कान देऊन ऐकलं, कोणी उत्तर देतंय का म्हणून.

लिंबाचं नुसतं खोड उरलंय, काळं पडलेलं. तिथं दादांनी सवयीनं घंटी वाजवली. एक लांब, दोन आखूड. तर आक्का त्यांच्याच पाठीमागं बसून म्हणती, "आले वाटतं!" आन् घराच्या जोत्यावर उतरली, दादांच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणली, "आलात व्हय? हातपाय धुवा." दादा मान खाली घालून तिथंच बसले. रडले. मी दुसरीकडं बघितलं.

मंग रोजचंच झालं. पुरा उन्हाळा रोज दुपारी दोघं त्या वाटंनं खाली. वर आली की ते परके, खाली गेली की नवरा.

रविवारी जालन्याहून जाड टायरच्या सायकली घेऊन लोक यायचे. डोक्यावर टोप, अंगाला चिकटलेले कपडे. "इथं ट्रॅफिक न्हाई, किती शांत आहे!" म्हणून खुश. शांत! त्यांना काय माहीत ते कोणाच्या चुलीवरून चाललेत. पण पोरी गोड होत्या. तृप्ती म्हणून एक होती, तिनं आक्काला विचारलं, "आजी, आजोबांचं नाव काय?" आक्कानं पदर दातात धरला. "अगं बाई, नाव कुठं घेत्यात का! माणसाचं आयुष्य कमी होतं." बघा म्हणजे, माणूस विसरली पण त्याचं नाव घ्यायचं न्हाई हे विसरली न्हाई. उखाण्यात सुद्धा तिनं कधी घेतलं न्हाई, लग्नात नुसती रडून मोकळी झाल्ती. त्या दिवशी तृप्तीपुढं हे ऐकून दादा हसले होते. म्हणले, "माझं नाव तिच्या तोंडून ऐकायचं राहूनच जाणार."

पण पाणी काय कोणासाठी थांबतंय? मृग सरला. इकडं थेंब नव्हता, पण वर बदनापूरकडं जोरदार झाला आन् धरण भरायला लागलं. दादा म्हणले, आता बस, उद्यापासून जायचं न्हाई. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ती वाट बुडली की त्यांची बायको पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बुडाली, आन् पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा कोणी द्यावा?

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा दळण घेऊन आले तर आक्का घरात न्हाई. माझे मालक वट्यावर बसलेले. म्हणले, "वहिनी होय? 'गावात जाते' म्हणल्या." मालकांना वाटलं दुकानाकडं गेली! चेहरा वाचायचा असतो हो, यांनी पेपर वाचला. दादांनी दळण तिथंच टाकलं आन् सायकल काढली. मी साडी खोचून मागं पळाले.

वाटंवर जागोजाग पाणी चढलेलं. खड्ड्यात सायकल आपटायची, दादा पडता पडता सावरायचे. आक्का जोत्यावर बसलेली, पाय पाण्यात. दादा म्हणले, "चल, पाणी येऊन राह्यलं." तर ती अंग चोरून म्हणती, "मी परक्याच्या सायकलवर बसायची न्हाई. आमचे मालक येतील, त्यांच्याबरूबर जाईन." दादांनी हात धरला तर अशी किंचाळली की करकोचे उडाले. मी पण हात जोडले. मला पण ओळखीना.

दादांनी हात सोडला. सायकल घेऊन माघारी फिरले. माझा तर जीवच गेला, म्हणलं सोडून चालले का काय! लिंबाच्या खोडापर्यंत गेले. आन् तिथून घंटी आली, एक लांब, दोन आखूड. येताना घाईत ती वाजवायची राहूनच गेल्ती.

आक्का उठली. पदर डोक्यावर घेतला. दादा समोर येऊन थांबले तर म्हणती, "एवढा उशीर? चला, पाणी आलंय दिसत न्हाई का!" आन् आपल्या आपण कॅरेजवर बसली. दादा हँडल धरून चालत, मी मागून ढकलत, निम्मं चाक पाण्यात. अशी आम्ही वर आलो.

घराच्या मागच्या अंगाला पोचलो तोवर दिवस मावळला. तेवढ्यात सडकेवर ट्रकनं हॉर्न दिला. आक्का दचकून उतरली, दादांच्या तोंडाकडं बघितलं, आन् मी ओळखलं की गेली. तिनं हात जोडले. "बाबा, तुमचे लई उपकार. पण आमचे मालक खालीच राह्यले हो. तेवढं त्यांना घेऊन या."

दादांचे कपडे गळत होते. म्हणले, "आणतो. हाक काय म्हणून मारू?"

तिनं पदर दातात धरला. खाली पाण्याकडं बघितलं, पुन्हा दादांकडं. मंग पदर सोडला. हळूच म्हणली, "कडूबा."

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला धावले. दादा म्हणले, "राहू दे द्वारका. घेऊ दे तिला."

"कडूबा म्हणा," ती म्हणली. "म्हणावं, झुंबर वर आलीय. लवकर या."

दादांनी सायकल वळवली आन् अंधारात पाण्याकडं उतरले. मी आक्काला धरून मागच्या दारात बसले. सडक जराशी शांत झाली, आन् खालून घंटी आली.

आक्कानं पदर डोक्यावर घेतला. "आले गं बाई," म्हणली. "तवा टाक."

मी तवा टाकला.