बाबांच्या हातची भिंगं

ऑफिसात मी माझ्या बापाला 'काका' म्हणायचे आणि बाबा मला 'मॅडम' म्हणायचे. हे मीच ठरवलं होतं. अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची छोटी कंपनी होती, सगळी पोरं बाहेर शिकून आलेली, इंग्रजीत विनोद करणारी. त्यांच्यात मला एक मालवणी बोलणारा, नखांत पॉलिशची गुलाबी पावडर अडकलेला बाप मिरवायचा नव्हता. लाज वाटायची मला. उगाच गोड शब्दांत कशाला सांगू?

आम्ही डोळ्यांवर बांधायचा हेडसेट बनवत होतो. आत प्रत्येक डोळ्यासाठी काडेपेटीएवढा पडदा आणि त्याच्यापुढे दोन भिंगं. चित्र या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं दिसायला हवं आणि यंत्र मात्र पोहायच्या गॉगलपेक्षा फार जाड नको, असा हट्ट. भिंगांची गोलाई किती, दोघांत अंतर किती, डोळा कुठे, पडदा कुठे, हे सगळं कॉम्प्युटरवर मांडायचं काम माझं.

पहिल्या नमुन्याची चार भिंगं मशीनवर करून यायला दोन महिने लागणार होते. बॉसला घाई. मी म्हटलं, ओळखीचे एक काका आहेत, हाताने घासून देतील. बाबांनी आयुष्यभर कुर्ल्याच्या एका गाळ्यात चष्म्याची भिंगं घासली. गाळा बंद पडला तेव्हा त्यांनी आपलं घासायचं चाक आणि काचेला गोलाई देणाऱ्या लोखंडी वाट्या घाटकोपरच्या आमच्या घरी आणल्या आणि गॅलरीत मांडल्या. आईला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. शाळा नाही, इंग्रजी नाही, या माणसाकडे हाताशिवाय दुसरं होतं काय? भिंग झालं की त्यावर हाऽ करून श्वास सोडायचे, पुसायचे, ट्यूबलाइटखाली तिरकं धरायचे. काचेत ट्यूब सरळ दिसली तर मान डोलवायचे, जराशी वाकडी दिसली की परत चाकावर.

मोजमाप समजून घ्यायला ते ऑफिसात आले तेव्हा माझ्या स्क्रीनवर भिंगांचं चित्र उघडं होतं. त्यात एक डोळा काढलेला, समोर बघणारा. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले आणि 'मॅडम' विसरून गेले.

"गे, ह्यो डोळो एकाच जाग्यार रवता? तो फिरता मा?"

'गे' ऐकून दोन माना वळल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काका, तुम्ही घासायचं बघा. डोळ्याचं मी बघते."

पोरं हसली. बाबाही हसले, जणू त्यांनीच गंमत केली होती. "होय मॅडम," म्हणाले आणि मोजमापाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

तीन आठवड्यांत चारही भिंगं झाली. बसवताना काही लागलं तर असावेत म्हणून मी बाबांना त्या दिवशी बोलावलं. ते कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर भिंगांचा रिकामा डबा घेऊन बसले होते. बॉसने हेडसेट डोळ्यांना लावला. "मधे झकास आहे यार," म्हणाला. मग त्याने डोळे डावीकडे फिरवले, उजवीकडे फिरवले आणि हेडसेट काढून टेबलावर ठेवला. "कडेला सगळं भुरकट. वाट लागली. काय आहे हे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी तंतरली. आणि तोंडातून जे निघालं ते निघालं.

"डिझाइन बरोबर आहे. पॉलिश गंडलंय. काकांचं वय झालंय ना, हात हलतो त्यांचा."

हाताबद्दल कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. बाबांनी एकदा आपल्या हातांकडे बघितलं आणि डबा उचलून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

घरी जाताना रिक्षात त्यांनी दोन्ही पंजे पुढे पसरले. रिक्षाच हलत होती, कोणाचाही हात हलला असता.

"खराच हलता काय गे?"

तेव्हा नाही म्हणायला मला काय धाड भरली होती? मी मोबाइलमधून मान वर न करता म्हटलं, "थोडा."

दोन महिन्यांनी मशीनची भिंगं आली. मी बसवली, लावून बघितलं. मधे साफ, कडेला भुरकट. तस्संच. मग मी बाबांची भिंगं कपाटातून काढली, डोळ्याच्या जागी कॅमेरा ठेवला आणि तो सरळ समोर रोखला. कडेपर्यंत एकेक अक्षर स्वच्छ! कॅमेरा डोळ्यासारखा बाजूला वळवला, तशी अक्षरं फुटली. मी सगळा हिशेब समोर बघणाऱ्या डोळ्यासाठी मांडला होता. माणूस कडेला बघतो तेव्हा डोळा फिरतो, बाहुली जागा सोडते, हे मी धरलंच नव्हतं. आयुष्यभर चष्म्याची भिंगं घासलेल्या बाबांना ते पहिल्या नजरेत दिसलं होतं.

दुरुस्ती चार दिवसांची निघाली. दोन भिंगांमधली रिंग बदलली, चेहऱ्याला टेकणारी फोमची गादी बारीक केली, पडदा थोडा सरकवला. भिंगांना हातच लावावा लागला नाही. दोन्ही सेट मोजले तर बाबांचं पॉलिश मशीनपेक्षा सरस निघालं. म्हणून मी कोणाला न सांगता मुख्य नमुन्यात त्यांचीच भिंगं घातली. बॉसने लावलं, डोळे गरागरा फिरवले आणि माझी पाठ थोपटली. "बघ, मशीनवर केल्याशिवाय होत नाही," म्हणाला. मी मान डोलावली. डिझाइनची सगळी टीम तो माझ्या हाताखाली देणार होता आणि मला ती हवी होती.

त्या संध्याकाळी घरी तरी सांगायचं, असं ठरवून गेले. गॅलरीत आईची साडी वाळत होती. चाक नाही, वाट्या नाहीत, लाल डाग पडलेलं फडकंसुद्धा नाही.

"भंगारवाल्याला देऊन टाकलं सगळं," आई म्हणाली. "हल्ली चहाचा कप पण दोन हातांनी धरतात. काय केलंस गं तू त्यांना?"

मी म्हटलं, मी काय करणार? वय झालं. आता सांगून चाक परत येणार आहे का, असं मनाला समजावलं. खोटं होतं ते. मला त्यांच्यापुढे चूक ठरायचं नव्हतं, बस. हलकट आहे मी, हे मला तेव्हाही कळत होतं.

एका रविवारी दुपारी बाबांचीच भिंगं असलेला तो हेडसेट घरी नेला. कशाला नेला, अजून सांगता येत नाही. बाबा खाटेवर बसले होते. मी त्यांना तो लावून दिला आणि होडीतून दिसणाऱ्या समुद्राचं चित्र सुरू केलं. त्यांनी मान अजिबात वळवली नाही. फक्त डोळे फिरवले, आधी एका टोकाला, मग दुसऱ्या. बघायचं कसं हे त्यांना सांगावं लागलंच नाही.

"गे! कडेपर्यंत साफ दिसता!"

हेडसेट घसरू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही बाजूंनी धरला होता. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. एक बोटसुद्धा हलत नव्हतं.

"मशीनवर केलंस मा?"

"हो."

"मशीनीचो हात हलणा नाय," ते म्हणाले. थोडा वेळ समुद्र बघत राहिले. मग हेडसेट न काढताच त्यांनी विचारलं, "माझी भिंगा खंय आसत?"

"फेकली, बाबा."

"बरा केलंस," बाबा म्हणाले, आणि डोळे पुन्हा कडेला वळवून बघत बसले.